कोचीत चार दिवस: फिरंग्यांच्या गल्ल्या आणि आईची अर्धी ओळखीची भाषा

आईला घेऊन कुठेतरी जायचं हे दोन वर्षं नुसतं चाललेलं. कधी माझी सुट्टी आडवी यायची, कधी तिचे गुडघे. शेवटी या जानेवारीत म्हटलं आता बास. मला जुन्या वसाहतींची गावं बघायचा नाद आहे, त्यामुळे पाँडिचेरी की कोची असं डोक्यात चाललं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, "मासे खंय चांगले गावतत?" संपला वाद, कोची फायनल.

आईचं माहेर कुडाळ. लग्न करून ठाण्याला आली त्याला चाळीस वर्षं झाली, पण रागावली की मालवणी आणि खूश झाली की पण मालवणीच. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे त्याचा संबंध आहे.

विमान नको म्हणाली म्हणून ट्रेन. दुपारी ठाण्याला बसलो, रत्नागिरी गेल्यावर आई खिडकीला चिकटली ती कुडाळ येईपर्यंत, आणि अंधारात काही दिसत नसताना पण "ता बघ, ता बघ" चालू. सकाळी जाग आली तेव्हा केरळ लागलं होतं. नारळ, नदी, कौलारू घर, परत नारळ, परत नदी. आई चहा पिता पिता म्हणाली, "ह्या तर आपलाच कोकण, फक्त अक्षरा जिलबीसारखी."

पहिला दिवस, बुधवार

दुपारी एर्नाकुलमला उतरलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एर्नाकुलम म्हणजे मॉल, मेट्रो, ट्रॅफिकवालं नवं शहर, आणि बघायला जातो ते फोर्ट कोची आणि मट्टनचेरी खाडीच्या पलीकडे. रस्त्याने पण जाता येतं पण जाऊ नका, पाण्यातून जा. आम्ही हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो पकडली. २०२३ मध्ये सुरू झाली, बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, कोचीन शिपयार्डमध्येच बांधलेल्या, एसी, आणि जेट्टीच तरंगती असल्यामुळे बोट आणि फलाट एका लेव्हलला. आईच्या गुडघ्यांना एक पायरी पण चढावी लागली नाही. मला राहून राहून आपल्या भाऊच्या धक्क्याची आठवण येत होती, तिथे लाटेचा अंदाज घेऊन उडी मारावी लागते, म्हातारी माणसं काय करत असतील देव जाणे.

वाटेत डावीकडे विलिंग्डन बेट लागतं. हे बेट देवाने केलेलं नाही. कोचीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा टणक बांध होता, मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबायची आणि माल होडीहोडीने आत यायचा. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनियर आला, त्याने तो बांध ड्रेजरने फोडला आणि उपसलेला गाळ-वाळू टाकून टाकून हे अख्खं बेट उभं केलं, बंदर, स्टेशन, सगळं त्याच्यावर. १९२८ मध्ये 'पद्मा' ही आगबोट पहिल्यांदा आत आली. गव्हर्नर विलिंग्डनचं नाव बेटाला, राबला ब्रिस्टो. सरकारी कामात हे असंच चालतं वाटतं, कुठल्याही सरकारात.

होमस्टे बरा होता, खोली जुन्या घराच्या मागच्या बाजूला, उंच छत, लाकडी जिना. घरमालक काकांनी किल्ली देताना "चावी" म्हटलं आणि आई एकदम हसली. मग काका, हे आमचंच की म्हणून बोलणं सुरू झालं. खिडकीला ते म्हणाले जनल. आई म्हणाली गोव्यात जनेल. सगळा पोर्तुगीज माल, पाचशे वर्षांपूर्वी दोन्ही बंदरांत उतरलेला आणि परत न्यायला कोणी आलं नाही.

संध्याकाळी चिनी जाळी. मलयाळममध्ये चीनवला. फोटो सगळ्यांनी बघितलेत, पण फोटोत कळत नाही की हे यंत्र केवढं अजस्त्र आहे आणि किती साधं आहे. सागवानाचे नाहीतर आता काही ठिकाणी लोखंडी पाईपचे मोठे खांब, त्याच्या टोकाला भलंमोठं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले धोंडे. एक माणूस पुढच्या खांबावर तोल सावरत चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं, थोडा वेळ थांबायचं, मग चार-पाच जण मागचे दोर ओढतात, धोंडे एकामागोमाग जमिनीला टेकत जातात आणि जाळं वर. म्हणजे तराजूच. चीनहून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणली असं काही म्हणतात, तर काही म्हणतात पोर्तुगीजांनी मकाऊहून. निघालं किती? एक मूठ बारीक मासळी आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. आई माशांकडे बघत होती आणि मी पिशवीकडे.

एकाने "या या, तुम्ही पण ओढा" म्हणून मला दोर हातात दिला, दोन हिसके मारले, फोटो काढला आणि मग पाचशे रुपये मागितले. शंभरावर मिटवलं. राग आला पण नंतर वाटलं, जेवढी मासळी वर आली त्यात पाच जणांचं घर चालणार कसं, आता टूरिस्ट हीच त्यांची मासळी.

पलीकडे टोपल्यांमध्ये मासे मांडून ओरडाओरड चालली होती. मी विचारलं हे काय, तर म्हणाले लेलम. अहो लेलम म्हणजे लिलाव! दोन्ही पोर्तुगीज लेइलाव वरून. आईला सांगितलं तर तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, तिचं लक्ष करीमीन माशाच्या भावाकडे. रात्री केळीच्या पानात भाजलेलं करीमीन खाल्लं. आईचा निकाल: "चांगला हा, पण काटे लय."

दुसरा दिवस, गुरुवार

गुरुवार म्हणजे आईचा शाकाहार. माशांच्या गावात येऊन पहिलाच आख्खा दिवस गुरुवारचा. सकाळी अप्पम आणि भाज्यांचं इश्टू खाल्लं, नारळाच्या दुधातलं, वर कढीपत्ता. इश्टू म्हणजे स्ट्यू, साहेबाचा. पण साहेबाने हा खाल्ला असता तर ओळखला नसता.

मग पायी फिरलो. फोर्ट कोची फिरायला फार सोपं आहे, सपाट, दोन-तीन किलोमीटरमध्ये सगळं, आणि वर पर्जन्यवृक्षांची एवढी मोठी सावली की दुपारी पण चालवतं. गल्ल्यांची नावं वाचत जा. प्रिन्सेस स्ट्रीट, रोज स्ट्रीट, लिली स्ट्रीट, आणि एक बर्गर स्ट्रीट. मला आधी वाटलं खाऊगल्ली. पण ते बर्गर म्हणजे डच नागरिक, कंपनीच्या नोकरीत नसलेले. खायचं काही नाही.

सेंट फ्रान्सिस चर्च. बाहेरून अगदी साधं, पिवळट, गावातल्या शाळेसारखं. पण हिंदुस्थानात युरोपियनांनी बांधलेलं पहिलं चर्च हे. १५०३ मध्ये लाकडाचं, मग १५१६ मध्ये दगडी. पोर्तुगीज कॅथलिकांचं होतं, १६६३ मध्ये डचांनी कोची जिंकली तेव्हा ते प्रोटेस्टंट झालं, १७९५ मध्ये इंग्रज आले आणि पुढे ते अँग्लिकन झालं, आता चर्च ऑफ साउथ इंडियाचं. इमारत एकच, देव पण तोच, फक्त दर वेळी मालक बदलला.

आत वास्को द गामाची कबर आहे, म्हणजे होती. २४ डिसेंबर १५२४ ला तो कोचीतच वारला, तिसऱ्या फेरीत व्हाइसरॉय होऊन आला होता, आल्यावर काही महिन्यांतच गेला. इथे पुरला आणि चौदा वर्षांनी हाडं पोर्तुगालला नेली. आता जमिनीत एक दगड आणि भोवती कठडा. रिकाम्या कबरीचा फोटो काढायला ही गर्दी! आई म्हणाली, "म्हणजे हय कोण नाय?" नाही गं. "मग बघतत काय?"

मला त्यापेक्षा भिंतींनी जास्त धरून ठेवलं. जमिनीतल्या डच-पोर्तुगीज थडग्यांचे दगड काढून भिंतीला लावलेत, त्यावर कवट्या, जहाजं, घराण्यांची चिन्हं. आणि वर छताला लांबलचक कापडी पंखे, दोऱ्या भिंतीतून बाहेर गेलेल्या. बाहेर उन्हात बसून कोणीतरी ती दोरी ओढायचं आणि आत साहेब लोक प्रार्थना करायचे. त्या दोरी ओढणाऱ्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही हे सांगायला नकोच.

एक गोष्ट मला इथे येईपर्यंत नीट माहीत नव्हती. आपल्या डोक्यात पोर्तुगीज म्हणजे गोवा. पण कोची आधी. पहिला व्हाइसरॉय आल्मेदा १५०५ मध्ये इथे बसला, गोवा अल्बुकर्कने घेतलं १५१० ला, आणि राजधानी कोचीहून गोव्याला गेली १५३० मध्ये. म्हणजे पंचवीसेक वर्षं हेड ऑफिस कोची, आणि त्यातली वीस वर्षं गोवा ही नुसती शाखा.

सांताक्रूझ बॅसिलिका पण बघितली. जुनं चर्च डचांनी शस्त्रांचं गोदाम केलं, इंग्रजांनी येऊन पाडलंच, आताचं १९०५ चं. आत रंगीबेरंगी, छत चित्रांनी भरलेलं. छान आहे, पण मी पाच मिनिटांत बाहेर. डच सिमेटरीला कुलूप, गेटातून बघितली, गवत वाढलेलं.

दुपारी वेली नावाच्या भागातला धोबीखाना. कुठल्याही यादीत हा पाचव्या-सहाव्या नंबरवर असतो, माझ्या यादीत पहिला. डचांनी आपल्या सैनिकांचे कपडे धुवायला तामिळ मुलखातून वण्णन समाजाची माणसं आणली, त्यांचे वंशज अजून तिथे धुतात. सिमेंटचे हौद, प्रत्येकाचा वेगळा, मागे मैदानात वाळत घातलेलं पांढरं कापडच कापड. आणि वाळत घालायची युक्ती बघा, काथ्याचे दोन दोर एकमेकांत पिळलेले, त्या पिळात कपड्याचं टोक खुपसायचं, की झालं, चिमटा नाही काही नाही. वाऱ्याने सुटत नाही, डाग पडत नाही. आई दहा मिनिटं ते उलगडून परत खुपसून बघत होती. एक आजोबा कोळशाच्या इस्त्रीने साडी करत होते, इस्त्रीचं वजन माझ्या सुटकेसएवढं. डच गेले, इंग्रज गेले, आता हॉटेलांच्या चादरी येतात.

संध्याकाळी कथकली. टूरिस्टांसाठी असतं ते तासा-दीड तासाचं, मुळातलं रात्रभर चालतं, पण जरा आधी गेलात तर मेकअप समोर बसून बघायला मिळतो. आईसाठी हा खरा कार्यक्रम होता कारण ती लहानपणी दशावतारात वाढलेली, घरचेच दोन मामा काम करायचे. कलाकार जमिनीवर झोपलेला, दुसरा माणूस त्याच्या जबड्यावर पांढऱ्या कागदाच्या कडा चिकटवतोय. चांगल्या माणसाला हिरवा चेहरा, खलनायकाला हिरव्यात लाल रेघा आणि नाकावर पांढरा गोळा. मग डोळ्यात एक बारीक बी टाकतात, पापणीखाली, म्हणजे डोळे लालबुंद होतात. आई कुजबुजली, "आमचे राजे आपापला तोंड आपणच रंगवतत, आरसो धरून." त्या आवाजात थोडा अभिमान पण होता.

कीचकवध होता. भीमाने कीचकाला मारताना जो काही आवाज काढला त्याने समोरची एक युरोपियन बाई खुर्चीतून उडाली. आई मात्र मान डोलवत होती, शब्द एक कळत नव्हता, पण गोष्ट पाठ.

तिसरा दिवस, शुक्रवार

हा दिवस प्लॅनमध्ये बसलाच नाही आणि सगळ्यात चांगला तोच गेला.

प्लॅन असा की सकाळी मट्टनचेरी, राजवाडा, मग सिनेगॉग, मग बिर्याणी. दहाला सिनेगॉग उघडलं तेव्हा आम्ही दारात, कारण शुक्रवारी ते दुपारीच बंद होतं आणि शनिवारी उघडत नाही. नाव परदेशी सिनेगॉग. परदेशी म्हणजे आपलाच परदेशी, बाहेरून आलेले. केरळात त्यांच्याही आधीपासून ज्यू होते, हे नंतर स्पेनकडून वगैरे आलेले म्हणून परदेशी. बांधलं १५६८ मध्ये, पोर्तुगीजांनी १६६२ मध्ये जाळलं, डच आल्यावर दोन वर्षांत परत उभं. चपला काढून आत जायचं, आणि बरं आहे, कारण बघायची गोष्ट पायाखालीच. चीनच्या कँटनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या, अठराव्या शतकातल्या, हजाराहून जास्त आणि म्हणतात की एकीसारखी दुसरी नाही. मी दोन सारख्या शोधायचा प्रयत्न केला, तेवढ्यात मागून लोकांनी ढकललं. बाहेर १७६० चा घड्याळाचा मनोरा, एका बाजूचे आकडे हिब्रू, एका बाजूचे रोमन, एका बाजूचे मल्याळी.

आमच्या ठाण्यात टेंभीनाक्याजवळ सिनेगॉग आहे, १८७९ चं. आईच्या ओळखीच्या एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, बाई होत्या, अस्सल रायगडी मराठी, नाव ऐकल्याशिवाय कळायचं नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या बेने इस्रायलींना हिब्रू आणि धर्माचे विधी शिकवायला इथलेच कोचीचे ज्यू यायचे, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली त्या बाई पण इस्रायलला गेल्या नंतर. इथलंही तेच झालं. १९४८ नंतर बहुतेक सगळे गेले, ज्यू टाऊनमध्ये भरतकामाचं दुकान चालवणाऱ्या सारा कोहेन २०१९ मध्ये वारल्या, आता गल्लीत नाव ज्यूंचं आणि दुकानं काश्मिरी शालींची. पाट्यांवर 'शालोम' लिहिलंय पण उत्तर द्यायला आत कोणी नाही. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

राजवाड्यापाशी आलो तर बंद. शुक्रवारी सुट्टी. हे नेटवर लिहिलेलं होतं, मी सिनेगॉगच्या वेळा तीनदा बघितल्या आणि ही एकदाही नाही. चूक माझीच. आई कट्ट्यावर बसली, म्हणाली आता बिर्याणी. पण अकरा पण वाजले नव्हते. मग रिक्षावाल्या दादांना विचारलं इथे जवळ अजून काय, तर म्हणाले कोंकणी टेंपल.

मी वाचलं होतं थोडं, पण विसरून गेले होते. तिरुमल देवस्वम, गौड सारस्वतांचं व्यंकटेशाचं देऊळ, सोळाव्या शतकाच्या शेवटी स्थापलेलं. गोव्यात पोर्तुगीजांची देवळं पाडापाडी सुरू झाली आणि १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं कोर्ट आलं, तेव्हा कितीतरी घरं बोटीत बसून खाली आली, कारवार, मंगळूर, आणि थेट इथपर्यंत. कोचीच्या राजाने जागा दिली. गंमत बघा, राजा पोर्तुगीजांचा दोस्त आणि त्याच्या राजवाड्याच्या मागे पोर्तुगीजांना घाबरून पळालेले लोक.

देवळाचं आवार प्रशस्त, ऊन, कबुतरं. पुरुषांना शर्ट काढून आत. आम्ही दर्शन घेतलं आणि सावलीत टेकलो. आईचे गुडघे बोलायला लागले होते, ती स्वतःशीच पुटपुटली, "आता माका उठूचा नाय." शेजारी एक आजी बसल्या होत्या, पांढरीशी साडी, कानात कुड्या. त्यांनी मान वळवली. "तुम्मी खंयचे?"

आई माझ्याकडे बघते, मी आईकडे. "आमी कुडाळचे," आई म्हणाली.

आजींना कुडाळ काही कळलं नाही. आई म्हणाली गोव्याच्या वर, सावंतवाडी. गोंय म्हटल्यावर आजींचा चेहरा खुलला. त्या गोव्याला एकदाच गेल्या होत्या, कुलदेवाला. मग दोघींचं जे चाललं ते मी नीट लिहू शकत नाही, कारण निम्मं मला कळलं नाही, निम्मं त्यांना पण कळत नव्हतं. आजींच्या कोंकणीत मधेमधे मलयाळम, हेल पूर्ण वेगळा, आईच्या मालवणीत ठाण्याची मराठी. पण "जेवण जालें?", घर, नारळ, चेडू, जावई, गुडघे, या सगळ्यावर गाडी मस्त चालत होती. आजी सारखं म्हणत होत्या "आमगेली भास", आमची भाषा. चारशे वर्षांहून जास्त काळ मल्याळी समुद्रात राहून ती शिल्लक आहे. घरात कोंकणी, दारात मलयाळम. नातवंडं बोलतात का विचारलं तर त्यांनी हात हलवला, थोडी थोडी.

इथे मला ते दुसरं आठवलं. कोचीजवळच्या वायपिन बेटावर पोर्तुगीज आणि मलयाळम मिसळून झालेली एक बोली होती, शेकडो वर्षं. ती नीट बोलणारे शेवटचे गृहस्थ विल्यम रोझारिओ २०१० मध्ये गेले आणि बोली संपली. म्हणजे जिंकायला आले त्यांची बोली इथे गेली, आणि त्यांना भिऊन आले त्यांची अजून देवळाच्या ओट्यावर गुडघेदुखीबद्दल बोलतेय. (आपल्याकडे रेवदंड्याजवळ कोर्लईला अशी पोर्तुगीज बोली अजून जिवंत आहे, जाऊन ऐका कधीतरी.)

आजींनी जेवायला कुठे जायचं ते सांगितलं, जवळच एका छोट्या खानावळीत. केळीचं पान, उकड्या तांदळाचा भात, आणि दाळीतोय. तूरडाळीचं पातळ वरण, हिरवी मिरची, हिंग आणि वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. एवढंच. आईने तीनदा घेतलं. बिर्याणी राहिली ती राहिलीच.

जेवून तिथल्याच गल्ल्यांतून फिरलो. आता मी ज्या गल्लीत उभी होते त्या वस्तीतल्या तिघांची गोष्ट सांगते, ही मला कोचीतल्या सगळ्या चर्चांपेक्षा मोठी वाटते. डच गव्हर्नर हेंड्रिक फान ऱ्हीड याला मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायचा होता. 'होर्तुस मलबारिकुस', बारा खंड, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ मध्ये छापले, ७४२ झाडं चित्रांसकट. पण झाडं सांगितली कोणी? इट्टी अच्युतन या ईळव समाजातल्या वैद्यांनी, आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे, तारीख २० एप्रिल १६७५, भाषा कोंकणी, लिपी नागरी. रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्ष पण झालं नव्हतं, आणि इथे गोव्यातून पळालेल्यांची नातवंडं-पतवंडं आपल्या अक्षरात सही करून डचांना झाडांची नावं देत होती. ग्रंथ लॅटिनमध्ये. केरळचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्य घालवून त्याचं इंग्रजी आणि मलयाळम केलं, ते यायला २००३ आणि २००८ उजाडलं. तोपर्यंत इथल्याच झाडांचं इथल्याच लोकांनी सांगितलेलं ज्ञान इथल्या लोकांना वाचता येत नव्हतं.

एक मात्र बोलायला हवं. गोव्याहून इथे फक्त सारस्वत आले नाहीत. कुडुंबी पण आले, शेतीत राबणारे, पोहे कांडणारे. शिमग्याला ते हळदीच्या पाण्याने खेळतात, मंजळकुळी म्हणतात. भाषा कोंकणीच. पण देवळाचा इतिहास, राजाचं दान, वैद्यांचं प्रमाणपत्र या सगळ्यात ते कुठे दिसत नाहीत. आम्हाला पण त्या दिवशी कोणी भेटलं नाही, आम्ही तिकडे गेलोच नाही. रिक्षावाले दादा आणतात तिथेच आपण जातो.

चौथा दिवस, शनिवार

सकाळी नऊला राजवाड्यात. डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्याला, राजाला भेट म्हणून, एक देऊळ लुटलं होतं त्याची भरपाई असं सांगतात. डचांनी नंतर डागडुजी केली तर नाव त्यांचं. विलिंग्डन बेटासारखंच झालं हे. बाहेरून युरोपियन, आत चौक, आणि चौकात भगवतीचं देऊळ.

पलंगाच्या खोलीच्या भिंतींवर अख्खं रामायण. फोटोला बंदी, आणि चांगलंय, कारण मग माणसं बघतात तरी. इंच पण मोकळा नाही, गेरू, हिरवा, पिवळा, माणसांवर माणसं, सगळ्यांचे डोळे मोठे आणि दागिने जड. आई एकेक प्रसंग ओळखत गेली, पुत्रकामेष्टी, सीतास्वयंवर, आणि एका कोपऱ्यात अडली. पंधरा मिनिटं तिथेच. गार्ड येऊन बघून गेला. खालच्या मजल्यावर बायकांच्या दालनात कृष्ण गोपींबरोबर, सहा हात दोन पाय सगळे कामाला लावलेले, आई म्हणाली "चल चल" आणि स्वतः मात्र थांबली.

निघायच्या आधी मसाल्याच्या गल्लीत खरेदी. सुंठ, मिरी, जायपत्री, गोदामांचे दरवाजे उघडे आणि वासाने नाक हुळहुळतं. या मिरीसाठीच सगळे आले, अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज. आणि आम्ही, अर्धा किलो. भावात घासाघीस करून आईने दुकानदाराला घाम फोडला, नंतर कळलं ठाण्यात तोच भाव आहे. मग तिला कुडमपुळी दिसली, काळीकुळकुळीत, वाळवलेली, धुरी दिलेली, माशाच्या आमटीत घालतात ती. हुंगली, चाखली, डोळे मिटले, म्हणाली आमसुलाची थोरली बहीण. एक किलो घेतली.

परतीच्या गाडीत आईला कुडाळला उतरायचं होतं, मामाकडे आठवडाभर. सकाळी गाडी थांबली तेव्हा मामा स्कूटर घेऊन फलाटाबाहेर उभा. मी दारातूनच पिशव्या दिल्या. आईने तिथेच उभ्याउभ्या कुडमपुळीची पिशवी उघडून त्याच्या नाकाखाली धरली, आजींचं, देवळाचं, दाळीतोयचं सगळं एका दमात सांगायला लागली, गाडी सुटायची वेळ झाली तरी तिचं चालूच. मामाने एक तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"ह्या काय? आमच्या कोकमाक काय झाला?"